दूषित जमिनीचा हिशेब : नागपूरच्या नीरीची वाटचाल

१९५५ च्या अखेरीस दिल्लीत काविळीची साथ पसरली. यमुनेचा प्रवाह काठापासून सरकला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझीराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत चढले. कावीळ झालेल्यांची संख्या २९ हजारांवर गेली. हे पाणी विहिरीचे किंवा ओढ्याचे नव्हते. नळाचे, गाळलेले, क्लोरीन घातलेले पाणी पिऊन राजधानी आजारी पडली होती. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी देशाचे स्वतःचे संशोधन केंद्र असावे, या मागणीला त्या साथीने धार आली. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, ८ एप्रिल १९५८ रोजी नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन केली. आज नागपूरकर जिला नीरी म्हणतात, ती हीच.

नावात 'नीर' ऐकू येते म्हणून ही पाण्याची संस्था, असा अनेकांचा समज आहे. पहिल्या दोन दशकांपुरता तो खराही होता. पिण्याचे पाणी कसे शुद्ध करावे, मैलापाणी कमी खर्चात कसे निवळावे, छोट्या नगरपालिकेला परवडेल असे सांडपाण्याचे तळे कसे बांधावे, हे त्या काळातले विषय. डॉ. सोली आर्सीवाला यांच्यासारख्या संचालकांच्या कारकिर्दीत संस्थेचा भर देशी हवामानाला आणि देशी खिशाला मानवतील अशा पद्धतींवर राहिला. परदेशी ग्रंथातील सूत्रे थंड प्रदेशासाठी लिहिलेली होती. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तळ्यातले जिवाणू वेगळ्याच वेगाने काम करतात, हे मोजून पाहावे लागले. तेव्हाच्या आंध्रातील नलगोंडा जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी फ्लोराइड काढण्याची पद्धत याच काळात नागपुरात आकाराला आली. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर या तीन वस्तूंवर ती चालते आणि तिन्ही वस्तू तालुक्याच्या बाजारात मिळतात.

संस्थेने पुढे देशभर विभागीय प्रयोगशाळा काढल्या. मुंबई, कलकत्ता, मद्रास, दिल्ली, हैदराबाद या शहरांबरोबर जयपूरचेही नाव त्यांत होते. राजस्थानात पाऊस कमी, विहिरी खोल आणि पाण्यात फ्लोराइड व नायट्रेट जास्त, त्यामुळे तिथल्या प्रयोगशाळेला कामाची ददात नव्हती. जयपूरच्या उत्तरेला सीकर रस्त्यालगत विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र आहे आणि त्याला खेटून मुरलीपुऱ्याची दाट वस्ती. कारखाना आणि घर यांच्यात एका रस्त्याचे अंतर उरले की जमिनीखालचे पाणी कोणाचे, हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. राजस्थानात तो सर्वांत तीव्रपणे उभा राहिला तो मात्र जयपूरपासून दूर, उदयपूरजवळ. त्याविषयी पुढे विस्ताराने.

१९७२ मध्ये स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावर जागतिक परिषद भरली. इंदिरा गांधी त्या परिषदेत बोलल्या. १९७४ मध्ये देशात जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा आला आणि त्याच वर्षी नागपूरच्या संस्थेचे नाव बदलून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था झाले. पाटी बदलली तशी कामाची व्याप्तीही वाढली. हवा आली, कारखान्यांचे सांडपाणी आले, घनकचरा आला. जमीन मात्र सर्वांत शेवटी आली. याचे कारण समजण्यासारखे आहे. नदी काळी झाली तर ती दिसते, धुराने डोळे चुरचुरतात. जमीन वर्षानुवर्षे विष गिळत राहते आणि वरून गवत हिरवेच दिसते.

जमिनीचे पहिले मोठे काम संस्थेला घराजवळच मिळाले. नागपूर, भंडारा आणि मध्य प्रदेशातील बालाघाट या पट्ट्यात शंभर वर्षांहून अधिक काळ मँगनीज काढले जात आहे. १८९६ साली सुरू झालेल्या ब्रिटिश कंपनीचा हा वारसा पुढे सरकारी 'मॉइल'कडे आला. मुख्यालय नागपुरातच. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, सावनेर तालुक्यातील गुमगाव या खाणींभोवती गोंड व इतर आदिवासींची जुनी गावे आहेत. खाणीतून धातू काढला की त्यावरची माती-दगड बाजूला फेकले जातात. त्या ढिगाऱ्यांची टेकाडे उभी राहतात, पावसात त्यांचा गाळ वाहून शेजारच्या धानाच्या बांधीत उतरतो. त्या ढिगाऱ्यात सेंद्रिय कर्ब नाही, नत्र नाही, पाणी धरून ठेवणारी मातीही नाही. वनखात्याने लावलेली रोपे तिथे तग धरत नसत.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या ढिगाऱ्यांवर जी पद्धत बसवली, तिला एकात्मिक जैवतंत्रज्ञान पद्धत असे भारदस्त नाव आहे. व्यवहारात ती शेतकऱ्याला सहज कळेल अशी आहे. ढिगाऱ्यावर खड्डे घ्यायचे. त्यांत साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर उरणारा काळा गाळ, म्हणजे प्रेसमड, मिसळायचा. साग, शिसव, कडुनिंब अशा ओळखीच्या झाडांची रोपे रोपवाटिकेतच विशिष्ट बुरशी आणि नत्र बांधणाऱ्या जिवाणूंसोबत वाढवायची. ही बुरशी मुळांना जोडून घेते आणि मुळे पोहोचत नाहीत तिथून पाणी व स्फुरद ओढून आणते. ज्या ढिगाऱ्यावर रोप जगत नव्हते तिथे काही वर्षांत सावली पडू लागली. पुढे हीच रीत कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावर १० हेक्टरांत, हेक्टरी ५० टन सेंद्रिय गाळ टाकून वापरली गेली आणि खापरखेड्याच्या औष्णिक केंद्राच्या राखेवरही. या कामाचे शोधनिबंध शास्त्रज्ञांच्या नावे आहेत. ढिगाऱ्यावर खड्डे खणणारे, उन्हाळ्यात रोपांना पाणी घालणारे हात खाणीच्या गावांतले होते आणि त्यांच्याशिवाय एकही निबंध लिहिला गेला नसता.

इथेच संस्थेच्या लक्षात एक गोष्ट आली असावी. झाड लावण्याचे तंत्र हाती आले, पण त्याचा खर्च कोणी द्यायचा? खाण चालू असेल तर कंपनी देते. खाण बंद पडून मालक निघून गेला असेल तर ढिगारा गावाच्या वाट्याला येतो. पुढची साडेतीन दशके संस्थेच्या अहवालांतून हा प्रश्न सतत डोकावत राहिला.

त्याआधी भोपाळ. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची वायुगळती जगाला ठाऊक आहे. त्या कारखान्याच्या आवारात आणि सौर बाष्पीभवन तळ्यांत वर्षानुवर्षे टाकलेल्या रासायनिक कचऱ्याकडे मात्र उशिरा लक्ष गेले. त्या जमिनीचा तपास नीरीकडे आला. १९९० च्या अहवालात संस्थेने परिसरातील भूजल दूषित नसल्याचा निष्कर्ष काढला. १९९७ च्या अहवालात कारखान्याच्या आवारातील माती दूषित असल्याचे नोंदवले गेले. गॅसपीडितांच्या संघटनांनी आणि बाहेरच्या तज्ज्ञांनी या निष्कर्षांवर, विशेषतः विष किती लवकर पाण्यापर्यंत पोहोचेल याच्या अंदाजावर, कडक टीका केली. ती टीका गैरवाजवी नव्हती. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेसोबत नीरीने नव्याने मोजणी केली आणि २०१० मध्ये दूषित मातीचा आकडा समोर आला : सुमारे ११ लाख टन. वीस वर्षांत निष्कर्ष एवढा बदलावा, हे कोणत्याही प्रयोगशाळेसाठी भूषणावह नाही. तरी नव्याने मोजून जुना निष्कर्ष मागे टाकण्याची तयारी दाखवणे, हेही संस्थेच्या वाटचालीतच मोजावे लागेल.

आता उदयपूरजवळचे बिछडी गाव.

उदयपूर जिल्ह्याचा मोठा भाग भिल्ल-मीणा आदिवासींचा आणि संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत येणारा. शहरालगतच्या बिछडीत १९८७ पासून एका उद्योगसमूहाने गंधकाम्ल आणि सुपर फॉस्फेट खताचे कारखाने उभारले. १९८८ मध्ये त्याच आवारात एच-ॲसिड नावाचे रसायन बनू लागले. कापड रंगवण्याच्या रंगांना लागणारे हे रसायन केवळ निर्यातीसाठी होते, आणि त्याचे उत्पादन पाश्चात्त्य देशांनी घातक म्हणून स्वतःकडे बंद केले होते. एक टन एच-ॲसिडमागे त्याच्या कितीतरी पट गाळ आणि आम्लयुक्त पाणी निघते. बिछडीत सुमारे २,४४० टन गाळ तयार झाला. तो उघड्यावर पडला, सांडपाणी मोकळे सोडले गेले. पावसाने विष जमिनीत उतरवले आणि विहिरींचे पाणी काळपट झाले. ते माणसांना पिण्याजोगे राहिले नाही, गुरांना नाही, पिकांनाही नाही. जानेवारी १९८९ मध्ये गावकरी रस्त्यावर उतरले, जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदी लावावी लागली आणि एच-ॲसिडचा कारखाना बंद झाला. कारखाना जेमतेम वर्षभर चालला. पुढच्या दोन दशकांहून अधिक काळ त्याचा हिशेब चालला.

ऑगस्ट १९८९ मध्ये इंडियन कौन्सिल फॉर एन्व्हायरो-लीगल ॲक्शन या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. गाळ झाकण्याचे, पुरण्याचे आदेश निघाले. काही गाळ पुरला गेला, काहीवर वरवर माती ओढली गेली आणि पावसाने ती पुन्हा धुतली. या गोंधळात न्यायालयाला एका प्रश्नाचे उत्तर कोणीच देऊ शकत नव्हते. नेमके नुकसान किती झाले आणि ही जमीन, हे पाणी पूर्वीसारखे करायला किती पैसे लागतील? राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे म्हणणे एक, कंपनीचे दुसरे. अखेर न्यायालयाने हे काम नीरीवर सोपवले.

१९९४ चा नीरीचा अहवाल हा भारतातील दूषित जमिनीच्या इतिहासातला टप्पा आहे. संस्थेच्या पथकाने विहिरी तपासल्या, माती निरनिराळ्या खोलीवरून काढली, गावकऱ्यांची बुडालेली पिके मोजली. सुमारे ३५० हेक्टर क्षेत्र दूषित असल्याचे त्यांनी नोंदवले. मग दोन वेगळे आकडे मांडले. गावकऱ्यांचे झालेले नुकसान : ३ कोटी ४२ लाख ८० हजार रुपये. माती आणि विहिरी पुन्हा वापरण्याजोग्या करण्याचा खर्च : ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. शेतकऱ्याला बसलेल्या झळीच्या जवळपास अकरा पट पैसा जमीन सुधारायला लागतो. तोवर भरपाई म्हणजे बुडालेल्या पिकाचे पैसे, एवढाच सरकारी हिशेब होता. जमीन ही स्वतंत्र बाब आहे, तिलाही बिल लावावे लागते, हे नागपूरच्या पथकाने रुपयांत मांडून दाखवले. गावकऱ्यांच्या तक्रारीला यापूर्वीही कुणी खोटे म्हटले नव्हते, पण न्यायालयाच्या आदेशात लिहिता येईल असे रूप तिला या अहवालाने दिले.

१३ फेब्रुवारी १९९६ रोजी न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी आणि न्यायमूर्ती बी. एन. कृपाल यांनी निकाल दिला. जो प्रदूषण करील त्यानेच खर्च भरावा, हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे त्यात स्पष्ट झाले. हा बोजा सरकारने उचलला तर तो करदात्यावर पडेल आणि ते योग्य नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. केंद्र सरकारने रक्कम ठरवावी, कारखान्यांकडून वसूल करावी, कारखान्यांच्या मालमत्ता जप्त करून ती मिळवावी आणि त्या पैशातून साफसफाई करावी, असा आदेश झाला. गावकऱ्यांनी स्वतःच्या भरपाईसाठी दिवाणी दावे लावावेत, असेही सांगितले गेले. ४ नोव्हेंबर १९९७ रोजी रक्कम निश्चित झाली : ३७ कोटी ३८ लाख ५० हजार. नीरीचा आकडा जसाच्या तसा.

त्याच वर्षी, १९९६ मध्ये, नीरीच्या अहवालांच्या आधारे तामिळनाडूतील चामड्याच्या कारखान्यांचा, किनाऱ्यावरील कोळंबी शेतीचा आणि ताजमहालाभोवतीच्या कारखान्यांचा निकाल लागला. प्रा. पी. खन्ना तेव्हा संचालक होते. न्यायालयात उभे राहण्यासाठी संस्थेतील शास्त्रज्ञांना नवे काहीतरी शिकावे लागले. नमुना कोणी काढला, बाटलीला सील कोणी लावले, वही कोणाच्या हाताची, असले प्रश्न उलटतपासणीत विचारले जातात आणि तिथे शोधनिबंधाची भाषा उपयोगी पडत नाही. नागपूरच्या प्रयोगशाळेत नोंदवहीचे महत्त्व वाढले ते या दशकात.

बिछडीत पुढे काय झाले? कंपनीने रक्कम भरली नाही. एकामागून एक अर्ज दाखल झाले, नीरीच्या आकड्यांना आव्हाने दिली गेली, दुसऱ्या तज्ज्ञांची मते आणली गेली. १८ जुलै २०११ रोजी न्यायमूर्ती दलवीर भंडारी यांच्या पीठाने हे सारे अर्ज फेटाळले. मूळ रक्कम ४ नोव्हेंबर १९९७ पासून वर्षाला १२ टक्के चक्रवाढ व्याजासह भरावी, वर १० लाख रुपये खर्चापोटी द्यावेत, असा आदेश झाला. १४ वर्षांच्या चक्रवाढीने रक्कम मुद्दलाच्या साडेचार पटींहून पुढे गेली होती. चालढकलीचा फायदा कंपनीला मिळू नये, हा त्या व्याजामागचा हेतू निकालात स्वच्छ दिसतो. संस्थेचा १९९४ चा आकडा १७ वर्षांच्या भडिमारानंतरही अबाधित राहिला. शेतकऱ्याच्या दृष्टीने हिशेब निराळा आहे. १९८८ मध्ये शाळेत असलेले मूल २०११ मध्ये स्वतःच्या मुलाला शाळेत घालत होते आणि विहीर तोवर प्रकरणातच होती.

या अनुभवातून एक गोष्ट सरकारी यंत्रणेलाही उमगली. तत्त्व कितीही खरे असले तरी जो प्रदूषक पळून गेला, दिवाळखोर झाला किंवा कोर्टात बसून राहिला, त्याच्या वसुलीची वाट पाहत जमीन सडवता येत नाही. तोवर खर्च करायला सरकारी निधी हवा. २०१० मध्ये कोळशावरील अधिभारातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा राहिला. दूषित स्थळांच्या पुनर्वसनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला. जागतिक बँकेच्या साहाय्याने आंध्र प्रदेश आणि पश्चिम बंगालमध्ये औद्योगिक प्रदूषण हाताळण्याची क्षमता वाढवणारा प्रकल्प सुरू झाला. तामिळनाडूतील राणीपेटला १९९० च्या दशकात बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याचा २ लाख टनांहून अधिक कचरा पडून होता. अशा, मालक नसलेल्या ढिगाऱ्यांचा विचार त्यातून प्रथमच देशपातळीवर झाला.

आदिवासींच्या जमिनीचा पैसा दुसऱ्या वाटेने आला. ११ जुलै १९९७ च्या समता निकालात सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित क्षेत्रातील जमीन खाणीसाठी खासगी कंपनीला देण्यावर निर्बंध घातले आणि खाण चालवणाऱ्याने नफ्याचा किमान २० टक्के भाग तिथल्या विकासासाठी, त्यात जमीन व जंगल पूर्ववत करण्यासाठीही, वेगळा काढावा, असे सांगितले. त्या विचाराला कायद्याचे रूप यायला १८ वर्षे लागली. २०१५ च्या खाण कायदा दुरुस्तीने प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद झाली. जुन्या खाणपट्ट्यांनी रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावाने दिलेल्या नव्यांनी १० टक्के रक्कम त्यात भरायची. १७ सप्टेंबर २०१५ पासून प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेखाली हा निधी खर्च होऊ लागला. किमान ६० टक्के निधी पिण्याचे पाणी, प्रदूषण नियंत्रण, आरोग्य, शिक्षण अशा प्राधान्याच्या बाबींवर, हा नियम. २०२४ मध्ये तो ७० टक्के झाला. अनुसूचित क्षेत्रातील गावात आराखड्याला ग्रामसभेची मंजुरी लागते. चंद्रपूर आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत हा निधी आज सरकारच्या इतर योजनांच्या तोडीचा मानला जातो. त्यातून रस्ते आणि इमारती भराभर होतात. ढिगाऱ्याच्या मातीची तपासणी, तिचे पुनर्भरण, अशा कामांची मागणी मात्र क्वचितच पुढे येते. रस्त्याचे उद्घाटन करता येते, मातीच्या नमुन्याचे करता येत नाही, हे त्याचे साधे कारण असावे.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला गेला आणि तो अनुभव इथे सांगण्याजोगा आहे. नवाहो आदिवासींच्या प्रदेशात १९४४ ते १९८६ या काळात अण्वस्त्रांसाठी सुमारे ३ कोटी टन युरेनियम धातुक काढले गेले. त्यामागे ५०० हून अधिक सोडून दिलेल्या खाणी राहिल्या. १९७९ च्या जुलैत चर्च रॉक येथे गिरणीचा बांध फुटून किरणोत्सारी पाणी पुएर्को नदीत उतरले. सफाईचा पैसा काही केंद्र सरकारच्या विशेष निधीतून आणि बराचसा कंपन्यांच्या तडजोडीतून आला. २०१४ च्या एका तडजोडीतून सुमारे १ अब्ज डॉलर सुमारे ५० नवाहो खाणींच्या सफाईसाठी बाजूला काढले गेले. आणि हे काम ठरवताना नवाहोंची स्वतःची पर्यावरण संस्था, स्वतःचे अभियंते टेबलाशी बसतात. निधी कोणाच्या नावे येतो आणि नमुना कोण काढतो, या दोन गोष्टी तिथे आदिवासींच्या हाती काही अंशी आल्या आहेत. आपल्याकडे ग्रामसभेची मंजुरी आहे. ग्रामसभेची स्वतःची प्रयोगशाळा अजून नाही.

भोपाळच्या कचऱ्याची गोष्ट २०२५ मध्ये एका वळणावर आली. कारखान्याच्या आवारात पोत्यांत बांधून ठेवलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारीत धार जिल्ह्यातील पीथमपूरला नेला गेला. केंद्र सरकारने त्यासाठी १२६ कोटी रुपये दिले होते. धार हा आदिवासी बहुसंख्य जिल्हा. भोपाळचे विष आमच्या वाट्याला का, हा पीथमपूरकरांचा प्रश्न सरळ होता आणि त्यासाठी झालेली आंदोलने तीव्र होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथे नीरीसह तीन संस्थांच्या तज्ज्ञांच्या मताचा आधार घेतला गेला. फेब्रुवारी-मार्चमध्ये तीन चाचण्यांत ३० टन कचरा ताशी १३५, १८० आणि २७० किलो अशा वेगवेगळ्या गतीने जाळून पाहिला गेला. उरलेला जूनअखेर जाळून संपला. पोत्यांतला कचरा संपला. भोपाळच्या मातीतले ११ लाख टन अद्याप जागेवर आहेत आणि त्याच्या तुलनेत ३३७ टन किती, हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नाही.

२४ जुलै २०२५ रोजी केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. १९९४ च्या बिछडी अहवालानंतर ३१ वर्षांनी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशात १०३ दूषित स्थळे ओळखली आहेत आणि त्यांपैकी फक्त सात ठिकाणी सफाई सुरू झाली आहे, असे त्या वेळी सांगण्यात आले. नव्या नियमांत वेळापत्रक आहे. जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग सविस्तर सर्वेक्षण, मग तज्ज्ञ संस्थेचा सफाई आराखडा. १८९ घातक रसायनांची यादी आहे. प्रदूषक सापडला तर खर्च त्याच्याकडून, सापडला नाही किंवा देऊ शकला नाही तर राज्य व केंद्र सरकारकडून. बिछडीत जो प्रश्न सुटला नव्हता, त्याला निदान कागदावर उत्तर मिळाले.

या नियमांना एक मोठे भोक आहे, ते इथे नोंदवले पाहिजे. खाणकामामुळे झालेले प्रदूषण त्यांच्या कक्षेबाहेर ठेवले आहे, त्यासाठी वेगळे कायदे आहेत या कारणाने. परिणामी आदिवासींची जमीन जिथे सर्वाधिक खराब होते, तीच बहुतेक वेळा या नियमांबाहेर पडते. झारखंडच्या पश्चिम सिंहभूम जिल्ह्यात, हो आदिवासींच्या वस्तीत, रोरो टेकड्यांवर ॲस्बेस्टॉसची खाण १९८३ मध्ये बंद झाली. तिचा लाखो टन पांढरा ढिगारा चार दशके पावसात वाहतो आहे. त्याच्यासाठी आता जिल्हा खनिज प्रतिष्ठान किंवा हरित न्यायाधिकरण एवढ्याच वाटा उरतात.

नीरीकडे आज दूषित जमिनीचे काम देशाच्या कोपऱ्या-कोपऱ्यातून येते. नागपुरातील नेहरू मार्गावरच्या इमारतींत मातीचे, पाण्याचे, गाळाचे नमुने डब्यांतून येतात, त्यांच्यावर गावाचे नाव, खोली, तारीख लिहिलेली असते. पूरग्रस्त भागांत संस्थेचा छोटा जलशोधक 'नीरी-झार' पोहोचतो. तो पाहून संस्थेचे पाण्याशी असलेले नाते सामान्य माणसाला कळते. जमिनीचे काम इतके डोळ्यांत भरत नाही. पण बिछडीचा ३७ कोटी ३८ लाख ५० हजारांचा आकडा, भोपाळची ११ लाख टन माती आणि तुमसरच्या ढिगाऱ्यावरची सागाची सावली, हे सारे याच प्रयोगशाळेतून गेलेले आहे. त्यात चुकाही आहेत आणि त्या दुरुस्त केल्याच्या नोंदीही आहेत.

वाचकांना एक विनंती. नव्या नियमांनुसार संशयित दूषित जागेची माहिती कोणताही नागरिक जिल्हा प्रशासनाला किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेला देऊ शकतो. जयपूरच्या मुरलीपुऱ्यातील घरमालक असो की गडचिरोलीच्या एटापल्लीतील ग्रामसभा, पाण्याचा रंग किंवा वास बदलला असेल, शेजारच्या पडीक आवारात पिवळा-काळा गाळ पडला असेल, तर गट क्रमांक, विहिरीची खोली आणि तारीख लिहून अर्ज द्यावा. खाणीचा गाळ असेल तर तोच अर्ज जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या सभेतही ठेवावा. पुढची यादी सहा महिन्यांनी निघते.